मेलं नाही म्हणजे बिघडलं नाही?

तुझा अहवाल वाचला. शेवटच्या पानापर्यंत वाचला, कारण त्यावर तुझं नाव आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर चौथ्या पानावर मिटला असता आणि त्याबद्दल पुन्हा बोललोही नसतो.

मुखपृष्ठावर शिवडीच्या खाडीतले रोहित पक्षी. आत चाळीस पानं. त्या चाळीस पानांत शिवडीचा एक तरी जीव सापडतो का बघ. निवटी नाही, चिंबोरी नाही, कालव नाही, शंख नाही. मुखपृष्ठ उलटलं की रोहितसुद्धा नाही. जीव दोनच: डॅफ्निया आणि झेब्राफिश. एक गोड्या तळ्यात राहणारा इवलासा पाणकिडा, दुसरा गोड्याच पाण्यातला मासा. दोघांनी जन्मात खारं पाणी पाहिलेलं नाही. आणि निष्कर्ष कशाबद्दल काढलास? भरती-ओहोटीच्या खाडीबद्दल. लिहिताना हात अडखळला नाही तुझा?

काम काय होतं ते तुलाच वाचून दाखवतो, कारण लिहिता लिहिता ते तुझ्या हातून निसटलेलं दिसतं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर जहाजांची बुडं खरवडून पुन्हा रंगवायची आहेत. खरवडलेल्या रंगाचे पापुद्रे, त्याची धूळ, धुण्याचं पाणी खाडीत जाऊ शकतं. त्या जुन्या रंगात ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, असेल तर खाडीतल्या जीवांना काय धोका, एवढंच सांगायचं होतं. तू काय सांगितलंस? 'परिणाम मर्यादित स्वरूपाचा अपेक्षित आहे.' कुणावर परिणाम? किती मर्यादित? कुणाची अपेक्षा? हे वाक्य तुझं नाही. जुन्या फाइलीतून उचललेलं आहे, कारण त्याच्याच खालच्या परिच्छेदात दुसऱ्या एका बंदराचं नाव तसंच राहून गेलंय. नक्कल केलीस याचा राग आला. नक्कल करतानाही वाचलं नाहीस, याचा त्याहून जास्त आला.

तू मठ्ठ असतास तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी फळ्यावर एलसी 50 ची व्याख्या लिहिली होती: ठरावीक वेळात निम्मे जीव मरतील एवढी मात्रा. पोरं मान खाली घालून उतरवून घेत होती. तू हात वर केलास आणि विचारलंस, 'सर, जो मरत नाही पण ज्याला पिल्लंच होत नाहीत, तो या आकड्यात कुठे दिसतो?' वर्ग गप्प झाला. मला आनंद झाला, कारण परिसंस्थेला काय धोका आहे हे ओळखायचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नाभोवती फिरतं. तुला ते विद्यार्थी असताना कळलं होतं. मग आता पगार घेऊन, सही ठोकून, त्याच एलसी 50 वर अहवाल उभा कसा केलास? कळत नव्हतं असं म्हणू नकोस. कळत होतं. कष्ट नको होते.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर टीबीटीनंच दिलंय आणि तेही मी तुला शिकवलंय. पुन्हा ऐक.

1970 साली प्लिमथच्या किनाऱ्यावर स्टीफन ब्लेबर या अभ्यासकाला डॉगव्हेल्क नावाच्या शंखांच्या माद्यांमध्ये नराचा अवयव उगवलेला दिसला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ यांनी चिखलातल्या दुसऱ्या एका शंखाच्या जातीत तसंच पाहिलं आणि त्या विकाराला इम्पोसेक्स असं नाव दिलं. बंदराजवळ विकार जास्त, लांब गेलं की कमी. दिसत होतं सगळ्यांना. पण नैर्ऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर डॉगव्हेल्क कुठे कुठे नाहीसे होत चाललेत आणि त्याच्या मुळाशी बोटींच्या बुडाचा टीबीटी रंग आहे, हे ब्रायन आणि गिब्ज यांनी नीट मांडलं ते 1986 मध्ये. मधली पंधरा-सोळा वर्षं बोटी रंगत राहिल्या.

आता बघ काय होतं ते. मादीच्या अंगावर नराचा अवयव वाढतो, त्याच्या जोडीला शुक्रवाहिनी वाढते आणि ती वाढता वाढता अंडी बाहेर पडायची वाट बुजवते. तयार झालेल्या अंड्यांच्या पिशव्या आतच अडकतात, काळ्या पडतात, आणि शेवटी मादी त्यानंच मरते. पण हे शेवटचं टोक. त्याच्या कितीतरी आधी ती जिवंत असते, दगडावर चालते, खाते, दिसायला धडधाकट असते. चार दिवसांच्या चाचणीत तिला बरणीत ठेवलंस तर तू वहीत काय लिहिशील? 'मृत्यू: शून्य.' डॉगव्हेल्कची पिल्लं अंड्यातून थेट दगडावर उतरतात, पाण्यात तरंगत दूर जात नाहीत. त्यामुळे एका खडकावरच्या माद्या वांझ झाल्या की तिथे दुसरीकडून कुणी पटकन येत नाही. खडक रिकामा होतो. तुझ्या तक्त्यात शून्यच.

आणि हे सुरू कितीशा मात्रेत होतं? लिटरला एक नॅनोग्रॅम. तुझ्या अहवालात नॅनोग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची सरमिसळ तीन ठिकाणी झालीय, म्हणून सोपं करून सांगतो. एक ग्रॅम टीबीटी शंभर कोटी लिटर पाण्यात कालवलं की लिटरला एक नॅनोग्रॅम होतं. सात तलावांतून पालिका अख्ख्या मुंबईला रोज चारशे कोटी लिटरच्या आसपास पाणी पुरवते. त्या सगळ्या पाण्यात चार ग्रॅम. एवढ्यानं शंखाच्या मादीचं शरीर बदलायला लागतं. युरोपीय संघानं पाण्यासाठी ठरवलेली वार्षिक सरासरीची मर्यादा त्याहून खाली आहे: लिटरला 0.2 नॅनोग्रॅम. तुझ्या डॅफ्नियाचा आकडा किती? 2 मायक्रोग्रॅम. म्हणजे 2000 नॅनोग्रॅम. शंख जिथे बिघडतो त्याच्या दोन हजार पट वर तुझी धोक्याची घंटा वाजते. मग ती वाजली नाही यात नवल काय?

बरं, हातात तेवढाच आकडा होता असं धरू. तरी नियम आहेत ना? मोजक्या जीवांवरच्या दोन-चार दिवसांच्या चाचण्यांवरून सुरक्षित पातळी काढायची तर गोड्या पाण्यासाठी सगळ्यात कमी आकड्याला 1000 नं भागायचं, समुद्रासाठी 10,000 नं. कारण समुद्रात अशा वंशांचे जीव आहेत की ज्यांचं नाव प्रयोगशाळेनं घेतलेलं नाही. तू कितीनं भागलंस? 100 नं. का? कारण शंभरानं भागलं की उत्तर 20 नॅनोग्रॅम येतं आणि ते गिऱ्हाइकाच्या गळी उतरतं. दहा हजारानं भागून बघ. 0.2 येतं. म्हणजे एकही शंख न पाहता, नुसता नियम पाळला असतास, तरी योग्य जागी पोचला असतास. नियम तुला पाठ आहे. परीक्षेत तू तो अचूक लिहिला होतास. मग शंभर कुठून आले? इथे मला उत्तर हवंय आणि 'टायपिंगची चूक' हे उत्तर मी घेणार नाही.

आता तुझी मोठी ढाल. 'टीबीटीवर बंदी असल्याने हा घटक गैरलागू ठरतो.' जहाजांच्या बुडाच्या विषारी रंगांवरचा आंतरराष्ट्रीय करार 2001 चा, अंमल सप्टेंबर 2008 पासून, भारत सामील झाला 2015 मध्ये. सगळी वर्षं बरोबर लिहिलीस. पण करार वाचलास की त्याचं शीर्षक? त्यातच म्हटलंय की जहाजाच्या बुडावर असा रंग असता कामा नये, नाहीतर त्यावर असा थर हवा की खालचं विष पाण्यात उतरणार नाही. म्हणजे जुन्या जहाजाच्या अंगावर तो रंग झाकलेल्या अवस्थेत असू शकतो आणि ते कायदेशीर आहे. तो थर उघडा कधी पडतो? बूड खरवडलं की. कुठे खरवडतात? गोदीत. तुझा अहवाल कशावर होता? बुडं खरवडण्यावर! ज्या एका क्षणी बंदीतलं विष मोकळं होतं, नेमक्या त्याच क्षणाबद्दल तुला विचारलं होतं, आणि तू बंदीकडे बोट दाखवून मोकळा झालास.

'प्रमाणपत्रे तपासली' असंही एक वाक्य आहे. कुणाची? परदेशी फेऱ्या करणाऱ्या 400 टनांवरच्या जहाजाला प्रमाणपत्र लागतं. त्याहून लहान पण 24 मीटर किंवा जास्त लांबीच्या जहाजाला मालकाचं घोषणापत्र पुरतं. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणारे बार्ज, टग, मचवे यांच्या बुडावर थराखाली थर काय आहेत, हे सांगणारा कुठला कागद तू पाहिलास? पापुद्रा उचलून एकदा तरी हातात घेतलास? आडवा कापून भिंगाखाली धरला की रंगांचे थर एकावर एक दिसतात, लाल, करडा, पुन्हा लाल. तिथून सुरुवात करायची असते. तू सुरुवात केलीस पुरवठादाराच्या सुरक्षापत्रकापासून, आणि ते पत्रक नव्या रंगाचं आहे. जुना रंग खरवडायचाय आणि तू नव्या रंगाचा दाखला जोडतोस.

तू घोडपदेवचा. रे रोडचे रूळ ओलांडले की दारूखाना. कित्येक दशकं तिथे जहाजं तोडली गेली. 2014 साली जुनी विक्रांत युद्धनौकासुद्धा तिथेच आणून तोडली. तिच्या लोखंडापासून मोटरसायकल निघाली ही बातमी तुझ्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. तोडलेल्या जहाजांच्या बुडांवरच्या रंगाचं काय होतं, हा प्रश्न तिथे वाढलेल्या, रसायनशास्त्र शिकलेल्या मुलानं विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? पत्रा भंगारात जातो, त्याचा भाव ठरतो. पापुद्र्यांना भाव नाही, म्हणून ते जिथे पडतात तिथेच राहतात.

आणि कुठे राहतात? चिखलात. इथे तर तू आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी केलंयस. पाण्याचे नमुने घेतलेस. पाण्यात टीबीटी काही दिवसांत, फार तर आठवड्यांत मोडतं, हे खरं. त्यावरून 'पदार्थाचे जलद विघटन होते' असं लिहून टाकलंस. पण हे रेणू गाळाला घट्ट चिकटतात. आणि शिवडीचा चिखल कसा आहे, हे तुला मी सांगायचं? वरचा बोटभर थर करडा, खाली काळा कुळकुळीत, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो वास म्हणजे तिथे प्राणवायू नाही. प्राणवायू नाही तिथे टीबीटी मोडायला वर्षंच्या वर्षं लागतात. त्यात रंगाचे पापुद्रे गाडलेले असले तर प्रत्येक पापुद्रा थोडं थोडं विष सोडत बसतो. वर बंदराला गाळ उपसावा लागतो, म्हणजे गाडलेलं पुन्हा पाण्यात. एवढं सगळं तू एका 'जलद' शब्दाखाली पुरलंस. चिखलाचा एक नमुना घेतला नाहीस. का? बूट भरतात म्हणून?

'प्रयोगशाळेकडे सोय नाही, खर्च फार येतो.' हो, गाळातलं टीबीटी मोजणं किचकट आहे आणि महागही आहे. पण इम्पोसेक्स बघायला काय लागतं? हत्यारांच्या दुकानात मिळणारी शेगडा-पकड, साधं भिंग, थोडं मॅग्नेशियम क्लोराइड आणि स्थिर हात. जेट्टीच्या दगडांवर कालवं लगडलेली असतात, त्या कालवांना भोकं पाडून खाणारे शंख त्यांच्यातच फिरत असतात. शंख गुंगवायचा, शेगड्यात धरून हळू दाबायचा, कवच तडकलं की मांस अख्खं बाहेर काढायचं. उजव्या शिंगाच्या मागे बघायचं. अंडी वेष्टणारी ग्रंथी आहे म्हणजे मादी. मादी आहे आणि शिंगामागे नराचा अवयवही आहे? लिही. त्याची लांबी मोज. शुक्रवाहिनी कुठवर पोचलीय ते बघ आणि शून्य ते सहा यातली पायरी दे. हे तू प्रात्यक्षिकात केलेलं आहेस आणि तुझा हात वर्गात सगळ्यात चांगला होता.

आपल्याकडे कुणी केलं नाही म्हणतोस? गोव्यात केलंय. मुरगाव बंदराच्या भागातल्या क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखात इम्पोसेक्स असल्याची नोंद विश्वकिरण आणि अनिल यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यात, गाळात, प्राण्यांत टीबीटी आणि त्याचे तुकडे मोजले. कोकण किनाऱ्याचा शंख, आपल्या किनाऱ्याचं पाणी, आपल्या माणसांनी केलेलं काम. तुझ्या संदर्भयादीत त्यातलं एकही नाव नाही. परदेशातल्या पुरवठादाराचं पत्रक मात्र तीनदा आहे.

तुझ्या तक्त्यात सात रकान्यांत 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलंय. प्रामाणिकपणे लिहिलंस, ठीक. पण पुढच्या पानावर बेरीज करताना त्या सातही रकान्यांना तू शून्य गुण दिलेस. शून्य गुण म्हणजे धोका नाही. माहिती नाही आणि धोका नाही यातला फरक तुला कळत नाही असं मला तरी कुणी पटवून देऊ शकणार नाही. तू तो फरक जाणूनबुजून पुसलास. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस आणि मग काही दिसत नाही असं लिहून सही केलीस. ज्या रकान्यात माहिती नाही तिथे गुणक वाढतो, खबरदारी वाढते, नमुने वाढतात. शून्य कधीच येत नाही.

फोनवर तू आणखी एक म्हणालास. ते मला सगळ्यात लागलं. 'सर, खाडी आधीच घाण आहे. समोर माहूलच्या रिफायनऱ्या, वरून गटारं. त्यात या रंगानं काय फरक पडणार?' हे तू बोलावंस? घाण खाडीतला जीव आधीच कमी प्राणवायूवर, तेलाच्या तवंगाखाली, जड धातूंच्या भारात तग धरून असतो. त्याच्यावर आणखी एक ओझं टाकलं तर ते हलकं होतं की जड? स्वच्छ पाण्यातला शंख जे सोसेल ते हा सोसेल का? हा प्रश्न अहवालात असायला हवा होता, आणि तू त्याचंच निमित्त केलंस. अजून ओहोटीला त्या चिखलात माणसं उतरतात, निवट्या काढतात, चिंबोऱ्या काढतात, आणि ते बाजारात जातं. तुझ्या आईच्या पिशवीत येत नाही असं छातीवर हात ठेवून सांगशील? ती कालवं घेताना वास घेते, उन्हाला धरते, दोनदा उलटून बघते. एका वाट्याला ती जेवढं बघते तेवढं तू अख्ख्या खाडीला बघितलं नाहीस.

'सगळे असंच करतात, गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं.' सगळ्यांचं मला सांगू नकोस, सगळ्यांना मी शिकवलेलं नाही. आणि गिऱ्हाइकाचं म्हणशील तर फ्रान्समधल्या आर्काशों उपसागराकडे बघ. तिथली कालवांची शेती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोलमडली. पिल्लं धरेनात, कवचं जाड आणि वेडीवाकडी व्हायला लागली, आत पोकळ्या पडल्या. नुसत्या हौशी बोटींच्या बुडांचा रंग. 1982 च्या सुरुवातीला फ्रान्सनं 25 मीटरपेक्षा लहान बोटींवर तो बंद केला, तेव्हा कुठे कालवं सावरली. आधी कुणीतरी त्या रंगालाही 'मर्यादित परिणाम' म्हणूनच विकायला परवानगी दिली असणार. तशी एक सही आज तुझ्या हातात आहे. ब्रिटननं 1987 मध्ये लहान बोटींवर बंदी आणली, त्यानंतर कित्येक खडकांवर डॉगव्हेल्क परत आले. बघणाऱ्यानं नीट बघितलं, लिहिणाऱ्यानं खरं लिहिलं, म्हणून आले.

शेवटच्या पानावर पर्याय म्हणून तांब्याचा रंग सुचवलायस, 'नैसर्गिक मूलद्रव्य असल्याने सुरक्षित'. पारासुद्धा नैसर्गिक मूलद्रव्य आहे. ते वाक्य खोड. टीबीटीच्या जागी आलेलं सायब्युट्रिन शेवाळाला इतकं बाधलं की 1 जानेवारी 2023 पासून त्याच करारात त्यालाही बंदी आली. पर्यायाची तपासणी मूळ विषाएवढीच कडक करायची असते. यावर अजून बोलत नाही.

आता काय करायचं ते ऐक. अहवाल मी नापास करून परत पाठवलाय. तुझ्या साहेबांना मी सांगितलंय की तू तो पुन्हा लिहिणार आहेस, आणि त्यांनी मुदत दिलीय. ती मुदत तुझ्या हुशारीवर मागून घेतलीय, वाया घालवू नकोस.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत मोठ्या ओहोटीचं पाणी सकाळी सहाच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं. भरती-ओहोटीचा तक्ता काढ. रे रोडहून शिवडी दोन स्टेशनं. पाच वाजता उठायला कष्ट होतात, हे कारण मी ऐकणार नाही, कारण त्याच वेळेला तुझ्या घराजवळून भाऊच्या धक्क्यावर बायका टोपल्या घेऊन निघालेल्या असतात. जेट्टीच्या दगडांवरून एकाच जातीचे तीस-चाळीस शंख घे. तेवढेच शंख बंदरापासून लांबच्या खडकावरून घे, त्याशिवाय तुलना नाही. कायद्यानं संरक्षित जातीला हात लावायचा नाही, ओळख पटली नाही तर फोटो पाठव. जेट्टीवर शंख सापडलेच नाहीत तर 'आढळले नाहीत' एवढंच लिही. त्यावरून 'बाधित नाहीत' काढशील तर याद राख. सापडायला हवे होते तिथे का नाहीत, तो तुझा पुढचा प्रश्न.

गाळाचे नमुने वरच्या दोन सेंटिमीटरचे वेगळे आणि खालचे वेगळे ठेव. काचेच्या बाटल्या, प्लास्टिक नको. बर्फात ठेव, उजेड लागू देऊ नकोस. पापुद्रे सापडले तर चिमट्यानं वेगळे काढ, गाळात मिसळून दळू नकोस, नाहीतर आकडा फुगेल आणि समोरचा वकील तेवढ्यावरच तुला झोपवेल. पाण्याचा खारटपणा, वेळ, पाण्याची पातळी जागेवरच वहीत लिही, घरी येऊन आठवून नाही. आणि शिवडी कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसांशी बस. दगडावर पूर्वी कुठले शंख असायचे, कुठले गेले, कधीपासून गेले, ते विचार. प्रश्नावली घेऊन जाऊ नकोस. त्यांना काका म्हण, चहा पी, आणि ऐकून घे.

चिखलात एकट्यानं उतरायचं नाही. तिथला गाळ वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत ओढून घेतो. खाडीत रोज उतरणारा एखादा कोळी सोबत घे, त्याची मजुरी आधी ठरवून दे. कंबरेला दोर बांध, लाकडाची फळी घे, पायात तिवरांच्या खुंटांनी फाटणार नाहीत असे बूट घाल. पाणी वळलं असं त्यानं म्हटलं की नमुना अर्धा राहिला तरी वर यायचं. वर आलास की मला फोन कर, मी तोपर्यंत जागाच असेन.